हणमंतराव मेले की नाही

आत्या, तुझ्या तेराव्याला आलेल्या लोकांनी तुझ्याबद्दल बरंच खोटं सांगितलं. कुणी म्हणालं, पाटील मॅडम किती शांत होत्या. कुणी म्हणालं, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी तर कहर केला. त्यांना सात भाषा यायच्या, म्हणाल्या. मी चहाचे कप गोळा करत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे, आणि मग दोघांनीही पटकन दुसरीकडे पाहिलं.

तुला एकच परकी भाषा येत होती, जर्मन, आणि तीसुद्धा अर्धीच. उरलेली अर्धी तू मनाने भरून काढायचीस. आणि शांत म्हणशील तर, गेल्याच महिन्यात भर दुपारी तू माझ्यावर पुस्तक उगारलं होतंस. एक माणूस मेला की नाही, यावरून आपलं भांडण चाललं होतं. तो माणूस पुस्तकातला होता. ते भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस, हे मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून हे लिहितेय.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, तेव्हा थोडं मागचं सांगते. मध्ये बोलू नकोस. तू बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं गेस्ट हाउस चालवायचीस. परदेशातून नवं मशीन आलं की ते बसवणारे इंजिनीअर मागोमाग यायचे आणि आठवडेच्या आठवडे राहायचे. त्यांच्या खोल्या, चादरी, जेवणखाण, डासांचा बंदोबस्त, पोट बिघडलं की ताकभात, हे सगळं तुझ्याकडे. त्यांतला एक उंच जर्मन साहेब रोज संध्याकाळी जेवणघरात येऊन बसायचा, कारण नेट तिथेच चालायचं, आणि फोनवर आपल्या छोट्या मुलीला गोष्ट वाचून दाखवायचा. तिकडे तिची दुपारच्या झोपेची वेळ असायची. गोष्ट रोज तीच. एका अस्वलाचा एक बूट हरवलेला असतो आणि ते बर्फातून तो शोधत हिंडतं. मुलीला दुसरी गोष्ट चालत नव्हती.

तू टेबलं लावता लावता ऐकायचीस. आधी तुला नुसती अस्वलाची गुरगुर कळली. मग बूट कळला, कारण तो चित्र फोनसमोर धरायचा. मग दार, बर्फ, कोल्हा. मशीन सुरू होईपर्यंत अख्खी गोष्ट तुला पाठ झाली होती, आणि साहेबाने पान उलटायच्या आत तू पुढची ओळ म्हणून टाकायचीस. जाताना तो ते पुस्तक तुझ्या हातात ठेवून गेला. मुलीला म्हणे त्याने सांगितलं, आता ते अस्वल एका मॅडमकडे राहायला गेलं आहे.

पण एक घोटाळा झाला होता. तो बाप लेकीला लाडाने ज्या नावाने हाक मारायचा, ते तुला आदराचं संबोधन वाटलं होतं, आपलं साहेब किंवा राव म्हणतात तसं. त्यामुळे पुढच्या खेपेला धिप्पाड, टकलू, कपाळाला आठ्या घातलेले इंजिनीअर आले, तेव्हा तू दारात उभी राहून त्यांना शुद्ध जर्मनमध्ये म्हणालीस, ये रे माझ्या छोट्या उंदरा, सूप गार होतंय. सूरही तोच, लेकीला झोपवणाऱ्या बापाचा. सगळ्यात पुढचा माणूस बॅग खाली ठेवून भिंतीला टेकला. तुझा बिहारी स्वयंपाकी आतून धावत आला आणि विचारायला लागला, "मैडम, साहब रो रहा है कि हँस रहा है?"

तुला अर्थ कळला, तरी तू ते बदललं नाहीस. म्हणालीस, घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला साहेब म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग निवृत्त होईपर्यंत तुझ्याकडे आलेला प्रत्येक जर्मन माणूस छोटा उंदीर होता. त्यांनाही त्याची इतकी सवय झाली की नवीन येणाऱ्याला जुने आधीच सांगून ठेवायचे.

आणि पुस्तकं साठत गेली. विमानात वाचायला आणलेलं जाडं पुस्तक परत न्यायला त्यांच्या बॅगेत जागा उरायची नाही, कारण तू प्रत्येकाला डहाणूचे सुकवलेले चिकू आणि काजू बांधून द्यायचीस. पुस्तकं उशाशीच राहायची. बहुतेक खुनाची. ती वाचून तू जी भाषा शिकलीस ती तितकीच भयंकर होती. तुला विष, तळघर, मृत्युपत्र, रक्ताचा डाग हे सगळं जर्मनमध्ये यायचं आणि टॉवेल यायचा नाही. कुणी टॉवेल मागितला की तू गंभीर चेहऱ्याने विचारायचीस, काल रात्री आपण कुठे होतात? त्यालाही ते हसायचे. तुझ्या गेस्ट हाउसमध्ये माणसं फार हसायची, आत्या, हे मात्र तेराव्याला कुणीच सांगितलं नाही.

मी चाळीसगावहून नर्सिंग करून बोईसरच्या एका इस्पितळात लागले आणि पालघरला, माहीम रोडवर, तुझ्या घरी राहायला आले, तेव्हा तू निवृत्त होऊन घरी बसली होतीस. बसली होतीस म्हणजे कपाटभर खून घेऊन बसली होतीस. मलाही जर्मनच शिकायची होती, हा योगायोग तुला फार आवडला. मला ते तितकंसं कौतुकाचं वाटलं नव्हतं. आमच्या इस्पितळातल्या निम्म्या मुली जर्मनीच्या वाटेवर होत्या. तिकडे नर्सेस हव्या आहेत, पण आधी भाषेची परीक्षा. मी ऑनलाइन क्लास लावला. तक्ते केले, शब्दांची कार्डं केली, मोबाइलवर घंटी वाजवणारं ॲप घेतलं. बोईसरला जाणाऱ्या बसमध्ये कार्डं, ड्यूटीवर चहाच्या सुट्टीत कार्डं. लेखी परीक्षेत सुटले आणि तोंडी परीक्षेत धाडकन आपटले. परीक्षक बाईंनी साधंच काहीतरी विचारलं होतं. मला सगळे शब्द येत होते. पण वाक्य जुळवून, तपासून, पुन्हा तपासून तोंडाशी आणेपर्यंत त्या पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या. शेवटी मी नुसती बसून राहिले.

तोंडी परीक्षा पुन्हा देता येणार होती, पण पुन्हा तेच होणार, याची मला खात्री होती. भाषा कळत होती, बोलता येत नव्हती. आणि पेशंटला काय होतंय हे विचारता न येणारी नर्स कुणाला हवी असेल? मी घरी येऊन रडले. तू समजूत वगैरे काही घातली नाहीस. तू कॉफी केलीस, कपाटातलं सगळ्यात जाडं पुस्तक काढलंस आणि म्हणालीस, "ये गं, बैस. यात एक म्हातारा आहे, तुला आवडेल."

तुझे नियम ऐकून मी हबकले होते. डिक्शनरी उघडायची नाही. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं. तू म्हणालीस, "पाहुणा उभ्या उभ्या आला तर चहा देतात. राहायला आला तर नाव विचारतात." म्हणजे शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला, तरच त्याची चौकशी. कंटाळा आला तर पुस्तक मिटायचं, कारण जबरदस्तीने वाढलेलं जेवण अंगी लागत नाही. आणि परीक्षेचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, आत्या, हा अभ्यास नाही, ही चंगळ आहे. तू म्हणालीस, "मग कर की चंगळ. तक्त्यांनी काय दिवे लावले ते पाहिलं."

माझी सकाळची पाळी असायची. चारच्या सुमाराला घरी आले की तू वाट पाहत बसलेली असायचीस. एक पान तू मोठ्याने वाचायचीस, एक मी. तुझे उच्चार असे होते की क्लासच्या मॅडमना घेरी आली असती. जर्मनमधलं एकच पुस्तक तू कानांनी ऐकलं होतंस, ते अस्वलाचं. बाकी सगळं तू चाळीसगावच्या पद्धतीने वाचायचीस. मी उच्चार सुधारला की तू मान डोलवायचीस आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच.

पुस्तकातल्या माणसांनाही तू आपली नावं ठेवली होतीस. तळ्याकाठच्या मोठ्या घराचा मालक हाइनरिश, तो हणमंतराव. त्याची मुलगी लीझेलोटे, ती लिलाताई. घरातले चांदीचे चमचे एकेक करून नाहीसे होत असतात, आणि कोण चोरतंय ते शोधायचं असतं. स्वयंपाकीणबाईंना मात्र तू नाव ठेवलं नव्हतंस. त्यांना तू "आपल्या बाई" म्हणायचीस.

आपल्याला एक तिसरी श्रोतीही होती. शिरगावच्या देवकाबाई. मासे विकून झाले की रिकामी पाटी दाराशी ठेवून त्या उंबऱ्यावर टेकायच्या, पान लावायच्या, आणि आपली दोन पानं वाचून झाली की तू त्यांना मराठीत गोष्ट सांगायचीस. त्यांना चमच्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचं लक्ष लिलाताईवर. "ती पोरगी लय रडतं," त्या म्हणायच्या. "तिचा लगीन कोनी मोडलाय काय? तेवढा बग पुढं."

आता आपल्या भांडणाकडे येते. तिसऱ्या प्रकरणात सकाळी घरासमोर एक काळी गाडी येऊन उभी राहते. सगळे दारात जमतात. लिलाताई रडते. कुणीतरी फुलं आणलेली असतात. हणमंतरावांना धरून, सावकाश, गाडीत ठेवतात, आणि गाडी निघून जाते. मग घर शांत होतं. तू पुस्तक मांडीवर ठेवलंस, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "गेले बिचारे." मलाही तसंच वाटलं. अधले मधले पुष्कळ शब्द आपण पाहुणे म्हणून सोडून दिले होते. देवकाबाईंनी हात जोडले.

आणि पाचव्या प्रकरणात हणमंतराव स्वयंपाकघरात येऊन बसले. आपल्या बाईंनी त्यांच्यासमोर कॉफी ठेवली. त्यांनी ती प्यायली, साखर कमी आहे म्हणाले. मी थबकले. तू मात्र थबकली नाहीस. तुझे डोळे चमकायला लागले. "अगं, ही भुताची गोष्ट आहे," तू म्हणालीस. "मला आधीच शंका आली होती."

मग तुझी गोष्ट सुसाट सुटली. हणमंतराव जिन्यावरून फिरायचे, कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. का? कारण ते कुणाला दिसतच नव्हते. जेवायच्या टेबलावर ते काही विचारायचे, लिलाताई उत्तर न देता उठून जायची. दिसणार कसे? फक्त आपल्या बाईंना दिसायचे. "जिच्या हातची कॉफी त्यांना आवडायची, तिलाच ते दिसतात," तू देवकाबाईंना सांगितलंस, आणि देवकाबाईंनी पदराने डोळे पुसले. चमचे कोण चोरतंय हे तिघी विसरून गेलो.

मला काही चैन पडेना. एका सुट्टीच्या दिवशी मी नियम मोडला, तिसऱ्या प्रकरणापासून पुढचं एकटीने काढून वाचलं आणि सोडून दिलेले पाहुणे एकेक करून डिक्शनरीला विचारले. हणमंतराव मेलेच नव्हते. त्यांचे गुडघे दुखत होते. ते गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला गेले होते, आणि तीन आठवड्यांनी ताजेतवाने होऊन परत आले होते. घरचे बोलत नव्हते कारण त्यांनी मृत्युपत्र बदललं होतं आणि सगळे फुगून बसले होते.

मी मोठ्या थाटात तुझ्यासमोर उभी राहिले आणि हे सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून जरा सौम्यपणेही सांगितलं. तू कॉफीचा घोट घेतलास आणि म्हणालीस, "नाही. मेलेत."

मी म्हटलं, आत्या, अगं गरम पाण्याचे झरे. आपण नव्हतो का गेलो सातिवलीच्या कुंडावर, तुझे गुडघे घेऊन?

"मी सातिवलीला निघाले तेव्हा माझ्या दारात कुणी फुलं घेऊन रडत नव्हतं."

मी पुस्तक उघडून ओळ दाखवायला गेले, तर तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस. "मराठीत काय सांगतेस? त्यांच्या माणसाबद्दल भांडायचंय ना, मग त्यांच्या भाषेत भांड."

आणि मी भांडले. पहिल्या दिवशी अडखळत, दुसऱ्या दिवशी जरा जोरात. तू दर वेळी नवीन पुरावा काढायचीस. ते आरशासमोर उभे राहत नाहीत. कुत्रा त्यांच्याकडे बघून भुंकतो. दार वाजवत नाहीत, आपोआप आत येतात. स्वतःच्या घराचं दार कोण वाजवेल, असं मी ओरडून सांगायचे, जर्मनमध्ये, आणि क्रियापद चुकलं की नाही हे बघायला मला वेळ नसायचा, कारण तू आधीच पुढचा पुरावा काढलेला असायचा. मी तावातावाने दोन्ही हात हलवत बोलायचे. तुला त्यातलं निम्मं कळत असेल नसेल. पण उत्तर तू तोंडभर द्यायचीस, त्याच बापाच्या लाडीगोडीच्या सुरात, छोट्या उंदरा, ऐक, तो मेला आहे. असला संताप यायचा मला त्या सुराचा, आणि नंतर बेसिनपाशी कप विसळताना मी एकटीच हसायचे.

देवकाबाई आपल्या दोघींकडे आलटून पालटून बघायच्या. एकदा वैतागून म्हणाल्या, "तुमी काय ते आपसात ठरवा बाय. मना येवढाच सांगा, तो म्हातारा मेलाय का नाय? मेला असंल तर मी घरी जाऊन तसा सांगतंय. आमच्याकडं समदी वाट बगून हायत." तेव्हा आपल्याला कळलं की गोष्ट शिरगावात पोचली आहे.

मी रोज फोनवर बाबांकडे तुझी तक्रार करायचे. तुमच्या बहिणीला समजवा, हणमंतराव मेलेले नाहीत. बाबा म्हणायचे, लहानपणापासून सुमीला कुणी समजवलेलं नाही, तू तुझं बघ.

शेवटी ठरलं की पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचं, कोर्टात वाचतात तसं, आणि तिसऱ्या प्रकरणात निकाल लावायचा. आपण दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर होतो. त्या दिवशी मला इस्पितळातून निघायला उशीर झाला. आले तर तू आरामखुर्चीत डोळे मिटून होतीस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी नर्स आहे, आत्या. मला दारातूनच कळलं. तरी मी जवळ येऊन तुझी नाडी पाहिली आणि पुष्कळ वेळ हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी असं कितीतरी नातेवाइकांना सांगितलेलं आहे. स्वतः ऐकताना त्याचा काही उपयोग होत नाही हे पहिल्यांदाच समजलं.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती मला दर दुपारी सांगावीशी वाटायची आणि तू शेफारशील म्हणून मी सांगायचे नाही. पाळी संपली की मी बोईसरच्या स्टॉपवर अक्षरशः पळत यायचे. बरोबरच्या मुलींना वाटायचं, माझं कुठेतरी जमलेलं आहे. इतक्या ओढीने मी दुसऱ्या कशाकडेच कधी गेले नाही.

तोंडी परीक्षेची तारीख आधीच घेतलेली होती, ती तुझ्या तेराव्यानंतर लगेच आली. मी जाणार नव्हते. बाबा म्हणाले, चल, मी गाडीने नेतो. नापास होऊन ये हवं तर, पण चल. मुंबईत त्या थंडगार खोलीबाहेर सगळ्या मुली ओठ हलवत पाठ केलेलं म्हणत होत्या. मी काहीच म्हणत नव्हते. माझ्याबरोबर जोडीला केरळची एक नर्स होती, आणि समोर एक जर्मन बाई. परीक्षेचा पहिला भाग म्हणजे एखाद्या विषयावर बोलायचं, मग जोडीदाराच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. विषयांत एक होता, तुम्ही वाचलेलं पुस्तक.

मी तळ्यापासून सुरुवात केली. घर, चमचे, रडणारी लिलाताई. पहिली दोन वाक्यं जरा चाचपडले, आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी बोलत सुटले. काळी गाडी आली, फुलं आली. माझे हात हलायला लागले. स्वयंपाकघरातली कॉफी आली. केरळच्या मुलीने विचारायचे ठरवलेले प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारलं, त्या बाईंना भीती नाही वाटली? मी म्हटलं, भीती कशाची, ते फक्त साखर कमी आहे म्हणायचे, आणि ते तर जिवंतपणीही म्हणायचे. ती हसली. नियमाप्रमाणे आता परीक्षक बाईंनी आम्हाला थांबवायला हवं होतं. त्या पुढे वाकून म्हणाल्या, पण स्वयंपाकीणबाईंनी घरच्यांना सांगितलं का नाही, की ते येतात म्हणून?

हा प्रश्न पुस्तकात नाही. तूही कधी विचारला नव्हतास. मी वाक्य जुळवलं नाही, तपासलं नाही. मी म्हटलं, सांगून काय झालं असतं? घरच्यांनी त्यांचा कप उचलून ठेवला असता.

त्या बाईंनी काही लिहिलं नाही. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या की आता दुसऱ्या भागाकडे वळू या.

परत येताना महामार्ग सोडून मनोरवरून पालघरच्या रस्त्याला लागलो. मासवण जवळ आलं तेव्हा बाबांनी विचारलं, "बोलता आलं का?" मी म्हटलं, हो. थांबायला सांगावं लागलं असतं इतकं. "कशावर बोललीस?"

मी सांगायला लागले, तिसऱ्या प्रकरणात हणमंतराव मरतात, बाबा, आणि मग पाचव्या प्रकरणात ते स्वयंपाकघरात...

मला आत्ता, तिथे, गाडीत कळत होतं की मी परीक्षेत काय सांगून आले आहे.

बाबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "मरतात?" ते म्हणाले. "महिनाभर रोज फोन करून माझं डोकं खाल्लंस की ते मेलेले नाहीत म्हणून."

आणि हसायला लागले. तू गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. "म्हणजे सुमी जिंकली," ते म्हणाले, "गेल्यावरसुद्धा जिंकली," आणि मग चष्मा काढून ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मीही रडले. एक टेम्पोवाला थांबून विचारून गेला की काही मदत हवी आहे का. बाबा त्याला म्हणाले, काही नाही भाऊ, घरातली गोष्ट आहे.

काल निकाल लागला. पास झाले. तोंडी परीक्षेत इतके गुण आहेत की क्लासच्या मॅडमनी मला फोन करून विचारलं, बोलायची तयारी कुणाकडे केलीस? मी सांगितलं, घरी.

मला राहून राहून वाटतं, तुला ते खरंच कळलं नव्हतं का? की पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मला बोलती करायची म्हणून तू त्या बिचाऱ्याला मारून टाकलंस? मी देवकाबाईंना विचारलं. त्या पान लावत होत्या. म्हणाल्या, "मना काय म्हाइत बाय. तू बोलतंस तवा ती गालात हसत होती, येवढा मी बगलाय." यावरून काहीच सिद्ध होत नाही. तू कधीच सरळ उत्तर दिलं नसतंस.

मग देवकाबाईंनी पान गालात सरकवलं आणि विचारलं, "आता शेवटचा सांग. तो म्हातारा मेलाय का नाय?" शिरगावात अजून वाट बघत होते.

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. तिसरं प्रकरण उघडलं की दाखवता आलं असतं, गुडघे, गरम पाणी, तीन आठवडे. मी ते मिटून ठेवलं आणि म्हटलं, मेलाय, देवकाबाई. आत्याचंच खरं. मेलाय, पण रोज येतो, आणि सगळ्यांना बोलायला लावतो.